म्हातारपणीचा कॅन्सर : कार्ड आले, तपासणीचे काय?



उसाचा दर, उतारा, तोडणीचा कार्यक्रम आणि बिलाची तारीख हे आपल्या पत्रिकेचे नेहमीचे विषय. ते यापुढेही राहतीलच. पण आपल्या कार्यक्षेत्रातल्या घराघरात एक विषय असा आहे की त्याची उंबऱ्याच्या आत कुजबुज होते आणि उंबऱ्याबाहेर कुणी अवाक्षर काढत नाही. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला झालेला कॅन्सर आणि त्याच्या खर्चाचा हिशेब, हा तो विषय. ज्या पिढीने पोटाला चिमटा घेऊन शेअरचे पैसे भरले, बैलगाडीने ऊस आणून गव्हाणीत टाकला, ती माणसे आज सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. त्यांच्या आजाराला पैसा कसा मिळतो आणि तो कुठे आडतो, याचा विचार आपण करायचा नाही तर कुणी करायचा?

गावात अशा वेळी एक वाक्य हमखास ऐकू येते. "आता माझं वय झालं. माझ्यापायी रानाला हात लावू नगा." ऐकणाऱ्याला ते मोठ्या मनाचे वाटते, आणि ते असतेही. पण त्याच्या पोटात खर्चाची धास्ती असते. तोंडात न भरणारी जखम झाली, छातीत गाठ लागली, पाळी जाऊन वर्षे लोटल्यावर पुन्हा अंगावरून जाऊ लागले, तरी आई-वडील महिनोनमहिने सांगत नाहीत. सांगितले तर पोराला कर्ज काढावे लागेल, ही भीती. आणि मग पाहुणेरावळे म्हणतात, "पिकलं पान, गळायचंच." आमचे स्पष्ट मत असे आहे की, पान पिकले म्हणून गळाले की औषधाला पैसा नाही म्हणून गळाले, हे समाजाने विचारले पाहिजे.

आजार काही थोडाथोडका नाही. राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमाच्या अंदाजानुसार २०२२ साली देशात सुमारे १४ लाख ६० हजार नवे कॅन्सर रुग्ण निघाले. नऊ माणसांमागे एकाला आयुष्यात कधी ना कधी हा आजार होण्याचा संभव आहे, असा त्याच अंदाजाचा निष्कर्ष आहे. वय वाढते तसा धोका वाढतो. त्यात आपल्याकडे तंबाखूची चंची आणि मिश्रीची डबी अजून घरातून गेलेली नाही. तोंडाचा कॅन्सर त्या वाटेने येतो.

पैसा देण्याची रीत कशी बदलली

पूर्वी मोठ्या आजाराचा खर्च म्हणजे बैलजोडी, दागिना किंवा रान. सरकारने १९९७ साली दारिद्र्यरेषेखालच्या रुग्णांसाठी जीवनदायी योजना आणली, पण तिची झेप लहान होती. खरा बदल २०१२ साली झाला. त्या वर्षी जुलैत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली. आपल्या शेजारचा सोलापूर त्यांत होता. २०१३ च्या नोव्हेंबरात ती राज्यभर गेली. कुटुंबाला वर्षाला दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार रोख पैसे न भरता मिळू लागले. २०१७ साली तिलाच महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजना हे नाव मिळाले. केंद्राची आयुष्मान भारत योजना २३ सप्टेंबर २०१८ रोजी सुरू झाली. तिच्यात कुटुंबाला वर्षाला ५ लाखांचे संरक्षण आहे. १ एप्रिल २०२० पासून आपल्या राज्यात दोन्ही योजना एकत्र चालतात.

यात ऊसपट्ट्याची एक दुखरी जागा होती. योजना पिवळ्या आणि केशरी शिधापत्रिकेची होती. मराठवाडा-विदर्भातल्या चौदा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांतल्या पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्यांना तिच्यात घेतले होते. पश्चिम महाराष्ट्रातल्या पांढऱ्या कार्डवाल्याला मात्र दार बंद. चार एकर ऊस आणि पांढरे कार्ड म्हणजे माणूस श्रीमंत, असा सरकारी समज. सोसायटीचे कर्ज, ठिबकचा हप्ता आणि दोन पोरांचे शिक्षण त्या कार्डावर कुठे दिसते? २०२३ साली निर्णय होऊन १ जुलै २०२४ पासून शिधापत्रिकेच्या रंगाची अट गेली आणि राज्याच्या योजनेतली मर्यादाही ५ लाखांवर आली. हा निर्णय उशिरा झाला, पण योग्य झाला.

त्यानंतरचा बदल खास म्हाताऱ्या माणसांचा. २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे पूर्ण झालेल्या कुणालाही, उत्पन्न न विचारता, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळते. ज्या कुटुंबाला आयुष्मान योजना आधीपासून लागू आहे, त्यातल्या सत्तरीपुढच्यांना जादा ५ लाख मिळतात, आणि या रकमेत घरातल्या धाकट्यांचा वाटा नसतो. ही बाब कागदावर किरकोळ दिसते, पण घरात तिचे मोल मोठे आहे. एकच रक्कम साऱ्या कुटुंबाची असली की म्हातारा म्हणतो, "नातवाला काय झालं तर? ते पैसं त्याला राहू द्या." स्वतःच्या हक्काची रक्कम असली की त्याला नातवाच्या ताटातले खाल्ल्यासारखे वाटत नाही. चांगली योजना ती, जी माणसाला मिंधे करत नाही.

याचा उपयोग होतो का? होतो. देशातल्या अनेक राज्यांतील मोठ्या रुग्णालयांतल्या साडेसहा हजारांहून अधिक कॅन्सर रुग्णांचा एक अभ्यास २०२४ साली लॅन्सेटच्या आग्नेय आशियासाठीच्या नियतकालिकात आला. २०१८ नंतर वेळेत उपचार सुरू होण्याचे प्रमाण ३६ टक्क्यांनी वाढल्याचे त्यात आढळले, आणि आयुष्मान योजनेत नाव असलेल्यांत ही वाढ इतरांपेक्षा बरीच जास्त होती. कॅन्सरमध्ये वेळेला किती किंमत असते, हे तोडणी लांबलेल्या उसाच्या मालकाला वेगळे सांगायला नको.

उतारा आणि पॅकेज

मग आमची तक्रार काय? ती समजण्यासाठी आपल्याच धंद्याकडे पाहू. उसाला नुसत्या वजनावर दर दिला तर तोडीआधी पाणी देऊन वजन वाढवण्याचा मोह होतो. दर उताऱ्याशी बांधला की शेतकरी आणि कारखाना दोघेही पक्व उसाकडे लक्ष देतात. पैसा ज्या गोष्टीला मिळतो ती गोष्ट वाढते. ज्या गोष्टीला मिळत नाही ती बांधावर पडून राहते. दवाखान्याचेही तसेच आहे.

या योजनांत दवाखान्याला पॅकेजने पैसे मिळतात. अमुक शस्त्रक्रियेला अमुक रक्कम, केमोथेरपीच्या एका फेरीला अमुक, किरणोपचाराला अमुक. आधी मंजुरी घ्यायची, मग उपचार करायचे, मग बिल पाठवायचे. यामुळे मनमानी आकारणीला लगाम बसला, हे मान्य केले पाहिजे. पण बहात्तर वर्षांच्या माणसाला नुसता कॅन्सर नसतो. जोडीला साखर असते, रक्तदाब असतो, दम लागत असतो. शस्त्रक्रियेनंतर तो तरण्या माणसापेक्षा चार दिवस जास्त खाट अडवतो. पॅकेजची रक्कम मात्र दोघांना तीच. मग "आमच्याकडे जागा नाही, मोठ्या दवाखान्यात न्या" असे म्हणण्याकडे कल होण्याचा धोका राहतो. सगळे तसे करतात असे आम्ही म्हणत नाही. पण रीतीतच तशी ओढ आहे, आणि ती रीत करणाऱ्यांनी दुरुस्त करावी. दवाखानेही म्हणतात की दर पुरत नाहीत, बिले वेळेवर मिळत नाहीत. १४ दिवसांत उसाचे पैसे देण्याचा कायदा १९६६ पासून असूनही बिलाची वाट पाहणे काय असते, हे आपल्याला ठाऊक आहे. ज्याचे बिल थकते त्याचा हात आखडतो, आणि त्याचा चटका शेवटी रुग्णाला बसतो.

गळती कुठे आहे

त्याहून मोठी अडचण पॅकेजच्या बाहेर आहे. योजना मुळात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांची आहे. केमोथेरपीसारखा एका दिवसाचा उपचारही तिच्यात बसतो. आयुष्मान योजनेत दाखल होण्याआधीचे ३ दिवस आणि घरी सोडल्यावरचे १५ दिवस यांचाही खर्च धरला आहे. पण कॅन्सर काय ३ दिवसांत कळतो? आधी गावचा डॉक्टर, मग तालुक्याचा, मग रक्त-लघवी, सोनोग्राफी, गाठीचा तुकडा काढून तपासणी, मग स्कॅन. त्यात महिना-दीड महिना जातो. आजार पक्का ठरला की कार्ड कामाला येते. आजार ठरेपर्यंत खिसा मोकळा होतो. गरिबाचा म्हातारा इथेच वाटेतून परत फिरतो. तो कुठल्याच योजनेच्या आकड्यात येत नाही, कारण तो योजनेपर्यंत पोहोचलेलाच नसतो.

हे केवळ आमचे म्हणणे नाही. चंदीगडच्या पीजीआय संस्थेतील संशोधकांनी पुढाकार घेऊन देशातल्या १२ हजारांवर कॅन्सर रुग्णांच्या खर्चाचा अभ्यास केला. तो २०२३ साली प्रसिद्ध झाला. दाखल झालेल्या रुग्णांच्या कुटुंबांत शंभरातल्या सुमारे ३० घरांना खर्च कंबरडे मोडणारा ठरला. दाखल न होता ये-जा करून उपचार घेणाऱ्यांत तोच आकडा शंभरात ८० होता. बाहेरून घेतलेल्या उपचारांत सर्वांत मोठा खर्च तपासण्यांचा होता. म्हणजे पूर आला आहे पश्चिमेकडून आणि बंधारा घातला आहे पूर्वेला.

दुसरी गळती वाटखर्चाची. किरणोपचार म्हणजे आठवड्यातले पाच दिवस, आणि असे पाच-सहा आठवडे. उपचार फुकट, पण सत्तरीच्या बाईला रोज साठ किलोमीटर नेणार कोण? सोबतीच्या माणसाची मजुरी बुडते. मुंबईला परळच्या टाटा रुग्णालयात गेले तर राहण्याचा प्रश्न येतो. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या जागा नसत्या तर कितीजणांना पदपथाशिवाय आसरा नव्हता. काही सवलती आहेत, त्या माहीत असाव्यात. उपचाराला जाणाऱ्या कॅन्सर रुग्णाला रेल्वेच्या शयनयान वर्गात पूर्ण भाडे माफ असते आणि सोबत्यालाही मोठी सूट मिळते. पंचाहत्तरीपुढच्यांना ऑगस्ट २०२२ पासून राज्यात एसटीचा प्रवास मोफत आहे. बार्शीचे नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालय हे ग्रामीण भागातच उभे राहिले, आणि देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ साली तिथेच सुरू झाली. अशी केंद्रे जवळ असणे हाच वाटखर्चावरचा खरा उपाय. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तीन वर्षांत सर्व जिल्हा रुग्णालयांत कॅन्सरची दिवसभराची उपचार केंद्रे काढण्याचे जाहीर झाले आहे. आपल्या जिल्ह्याचे केंद्र कधी, हे लोकप्रतिनिधींना विचारत राहणे आपले काम आहे.

तिसरी गळती शेवटच्या दिवसांची. काही म्हाताऱ्या माणसांचा आजार बरा होण्यापलीकडे गेलेला असतो. त्यांना शस्त्रक्रिया नको असते. वेदना थांबायला हव्या असतात. वेदनाशामक मॉर्फिनवरची जाचक बंधने २०१४ च्या कायदादुरुस्तीने सैल झाली. पण कुणी नर्स घरी येऊन जखम धुईल, वेदनेची मात्रा ठरवील, घरच्यांना धीर देईल, याला या पॅकेजांत जागा नाही. चिरफाडीला पैसा आहे, पण उशापाशी बसण्याला नाही. म्हाताऱ्या माणसाने तळमळत जाऊ नये, ही मागणी अवास्तव आहे का?

चौथी गळती कागदाची, आणि ती तर आपल्याच हातात आहे. सत्तरीचा हिशेब आधार कार्डावरच्या वयाने होतो. आपल्या कित्येक आजी-आजोबांची जन्मतारीख आधारवर १ जानेवारी आणि साल अंदाजपंचे लिहिलेले आहे. माणूस पंचाहत्तरीचा, कागदावर सदुसष्ट! कुणाच्या बोटांचे ठसे कोयता-खुरपे धरून झिजले आहेत, ते यंत्रावर उमटत नाहीत. विधवा आईचे नाव थोरल्याच्या शिधापत्रिकेवरून कमी झाले आणि धाकट्याच्या कार्डावर चढलेच नाही, असेही घडते. आणि हे सारे कळते केव्हा? दवाखान्याच्या खिडकीवर. तहान लागल्यावर विहीर खणायची ही सवय आपण मोडली पाहिजे.

आपण काय करावे

दुखणे हत्तीच्या पायाने येते आणि मुंगीच्या पायाने जाते. म्हणून त्याची तयारी हत्ती दारात येण्याआधी करायची असते. आमच्या मते पुढील कामे कारखान्याने आणि सभासदांनी मिळून हाती घ्यावीत.

पहिले : ऊस नोंदणीसाठी गटऑफिसचा माणूस घरोघर जातोच. त्याच फेरीत प्रत्येक घरातल्या साठीपुढच्या माणसांची यादी करावी. हंगाम संपला की गटवार शिबिर घेऊन आधारवरचे वय, शिधापत्रिकेवरचे नाव आणि आयुष्मान कार्ड अशी तिन्ही कामे उरकावीत. बोटांचे ठसे उमटत नसतील तर चेहऱ्यावरून किंवा मोबाईलवर येणाऱ्या आकड्यावरूनही ओळख पटवता येते. माजी सैनिक आणि केंद्र सरकारचे निवृत्त कर्मचारी यांना आपली आधीची आरोग्य योजना आणि हे कार्ड यांतून एकाची निवड करावी लागते. त्यांनी विचारपूर्वक ठरवावे.

दुसरे : तीस वर्षांवरील सर्वांची तोंडाची तपासणी आणि स्त्रियांची स्तनाची व गर्भाशयमुखाची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांतून विनामूल्य करण्याचा कार्यक्रम चालू आहे. तिथे जायला म्हातारी माणसे लाजतात, बायका तर फारच. सभासद भगिनींनी पाच-पाच जणींचा गट करून जावे. एकटीला लाज वाटते, पाचजणींना वाटत नाही.

तिसरे, आणि यावर वाद होईल हे आम्ही जाणतो. कारखान्याने तपासणी निधी काढावा. आजार पक्का ठरेपर्यंतच्या तपासण्यांसाठी, फक्त अल्पभूधारक सभासदांच्या आणि आपल्या कार्यक्षेत्रात येणाऱ्या तोडणी मजुरांच्या घरच्या म्हाताऱ्या माणसांसाठी. टनाला १ रुपया. १०० टन ऊस घालणाऱ्याला वर्षाला १०० रुपये पडतील. ५ लाख टन गाळपावर ५ लाख रुपये उभे राहतील. "आणखी एक कपात?" असे सभासद विचारतील. विचारलेच पाहिजे. आजवरच्या कपातींचा हिशेब सर्वांना पटेल असा मिळालेला नसेल, तर नव्या कपातीवर विश्वास कसा बसावा? म्हणून हा विषय वार्षिक सर्वसाधारण सभेत मांडावा, निधीचे खाते वेगळे ठेवावे, तीन सामान्य सभासदांची समिती नेमावी आणि खर्चाचा पै-पैचा हिशेब याच पत्रिकेत छापावा. रुग्णाचे नाव मात्र छापू नये.

तोडणी मजुरांचे नाव घेतल्याने कुणी नाक मुरडू नये. ज्यांच्या कोयत्यावर आपला हंगाम उभा राहतो, त्यांच्याही घरी आई-बाप आहेत. त्यांचे कार्ड राज्यातल्या कोणत्याही अंगीकृत दवाखान्यात चालते, हे त्यांना सांगणारे कुणी तरी हवे.

एकत्र येण्याचा कॅन्सरवर काय परिणाम होतो याचा दाखला हवा असेल तर टाटा रुग्णालयाच्या पुढाकाराने २०१२ साली उभ्या राहिलेल्या राष्ट्रीय कर्करोग ग्रिडकडे पाहावे. त्यातल्या रुग्णालयांनी ४० औषधांची एकत्र खरेदी केली. एकेकट्याने मागितला असता तर न मिळणारा भाव एकत्र मागितल्यावर मिळाला आणि १,३०० कोटी रुपयांच्या घरात बचत झाली. सहकार याहून वेगळा काय असतो? लोणी आणि कराडसारख्या ठिकाणी उसाच्या मुलखातच मोठी रुग्णालये उभी राहिली, तीही अशीच माणसे एकत्र आल्यामुळे.

चौथे : सरकारकडे आपल्या संघटनांमार्फत तीन मागण्या जाव्यात. आजार ठरवण्याच्या तपासण्यांना पॅकेजमध्ये जागा द्या. जोडआजार असलेल्या वृद्ध रुग्णासाठी दवाखान्याला वाढीव दर द्या, म्हणजे त्याला परतवण्याचे कारण उरणार नाही. आणि घरी जाऊन वेदनाशमनाची सेवा देणाऱ्यांना पैसे द्या.

तोवर प्रत्येकाने एवढे लक्षात ठेवावे. योजनेतल्या प्रत्येक दवाखान्यात आरोग्यमित्र बसलेला असतो. आधी त्याला भेटावे. मंजूर उपचारासाठी कुणी वर पैसे मागितले तर देऊ नयेत, तक्रार करावी. राज्य योजनेचा फोन १५५३८८ आणि आयुष्मान योजनेचा १४५५५. हे दोन आकडे घरातल्या भिंतीवर कोळशाने लिहून ठेवले तरी चालतील. धर्मादाय दवाखान्यांना शंभरात दहा खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा दुर्बल घटकांसाठी सवलतीने राखाव्या लागतात, हेही विसरू नये.

बंधू-भगिनींनो, खोडव्याला आपण पाणी देतो, खत देतो. लागणीचा ऊस गेला म्हणून खोडवा वाऱ्यावर सोडत नाही. ज्या माणसांनी आपल्याला हे रान, हे पाणी आणि हा कारखाना दिला, त्यांच्या वाट्याला त्याहून कमी काळजी यावी काय? "विना सहकार नाही उद्धार" हे आपण कारखान्याच्या कमानीखालून जाताना वर्षानुवर्षे म्हणत आलो. सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर तपासणी निधीचा विषय यावा, यासाठी सभासदांनी लेखी सूचना मुदतीत पाठवाव्यात. बाजूने पाठवा, विरोधात पाठवा, पण पाठवा. आणि आज संध्याकाळी घरातल्या म्हाताऱ्या माणसाजवळ घटकाभर बसून विचारा, "आई, आबा, कुठं दुखतंय का? लपवू नका. पैशाचं आम्ही बघतो."